इंग्लंडातल्या फ्लॅटची लीज वाढवताना: आधी तारखा, मग आकडे, फ्रीहोल्डरला फोन सगळ्यात शेवटी

स्लाऊ, रेडिंग, हॅरो, क्रॉयडन, मिल्टन कीन्स, आपल्या बऱ्याच मंडळींनी इथे फ्लॅट घेऊन दहा-पंधरा वर्षं झाली, आणि आता रीमॉर्गेजला गेलं की बँक विचारते लीज (म्हणजे ठराविक वर्षांसाठी फ्लॅटवरचा तुमचा हक्क) किती उरलीय, तेव्हा तो कागद पहिल्यांदा कपाटातून बाहेर येतो. मग बहुतेक जण काय करतात तर मॅनेजिंग एजंटला एक ईमेल टाकतात, "लीज वाढवायला किती पडतील?" तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. फ्रीहोल्डरकडून (म्हणजे इमारतीचा आणि जमिनीचा मूळ मालक) महिन्याभराने एक ऑफर येते, तुम्ही घासाघीस करता, अजून दोन महिने जातात, तो म्हणतो बघतो विचारून सांगतो, आणि मधल्या काळात तुमची लीज ८० वर्षांच्या खाली घसरते आणि किंमत हजारो पौंडांनी वर जाते (का ते टप्पा ५ मध्ये). या कामात लोक भाव करण्यात हरत नाहीत हो, तारखांमध्ये हरतात. म्हणून टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्समधल्या फ्लॅटसाठी आहे. स्कॉटलंडमध्ये ही भानगड नाही, घरासाठी (फ्लॅट नाही, घर) नियम वेगळे, आणि शेअर्ड ओनरशिपवाल्यांनी (ज्यांनी फ्लॅटचा फक्त काही हिस्सा घेतलाय) वेगळा सल्ला घ्यावा.

आधी कायदा कुठे आहे ते दोन मिनिटांत

सध्याची पद्धत १९९३ च्या कायद्याची आहे. त्यानुसार तुमच्या उरलेल्या वर्षांत ९० वर्षं वाढतात आणि ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला दर वर्षी द्यायचं जमिनीचं भाडं) शून्य होतं (कागदावर त्याला पेपरकॉर्न लिहितात). २०२४ मध्ये नवा कायदा पास झाला, त्यात ९० ऐवजी ९९० वर्षं, मॅरेज व्हॅल्यू (लीज वाढवल्याने वाढणाऱ्या किमतीतला फ्रीहोल्डरचा वाटा) रद्द, समोरच्याच्या वकिलाचा खर्च आपण भरायचा नाही, असं बरंच चांगलं आहे. पण पास होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. प्रत्येक कलम लागू करायला सरकारचा वेगळा आदेश लागतो. जुन्या कायद्यातली "फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली पाहिजेत" ही अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली, म्हणजे आता रजिस्टरवर मालक म्हणून नाव लागलं की त्याच दिवशीही अर्ज करता येतो. बाकीची मोठी कलमं लागू झाली का हे लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसच्या साइटवर बघा, ती सरकारी पैशावर चालणारी फुकट सल्ला देणारी संस्था आहे. व्हॉट्सॲपवर कोणी "९९० वर्षं झाली रे आता" असं फॉरवर्ड केलं म्हणून पुढे जाऊ नका. खालचं सगळं १९९३ च्या पद्धतीप्रमाणे आहे.

## टप्पा १: लीज खरंच किती उरलीय ते कागदावरून काढा

एस्टेट एजंटने सांगितलेलं "अंदाजे ८२ वर्षं" सोडून द्या. घर घेताना कुठल्यातरी फॉर्ममध्ये लिहिलेला आकडा पण सोडा, तो तेव्हाचा होता.

एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवरून दोन गोष्टी मागवा, एक तुमच्या टायटल रजिस्टरची (मालकीच्या नोंदीची) अधिकृत प्रत आणि दुसरी लीजची प्रत. गूगलवर सगळ्यात वर ज्या जाहिराती येतात त्या दलाल साइट असतात, तेच कागद तीन-चार पट पैशाने देतात, त्यामुळे पत्त्यात गव्ह डॉट यूके आहे ना ते बघून मगच कार्ड नंबर टाका. हे करताना फ्रीहोल्डचं रजिस्टरही मागवून ठेवा, ते टप्पा ६ मध्ये लागणार आहे.

लीज हातात आली की पहिल्या एक-दोन पानांत मुदत दिलेली असते. तिथे तीन गोष्टी बघायच्या: किती वर्षांची, *कोणत्या तारखेपासून*, आणि ग्राउंड रेंट किती. तुम्ही फ्लॅट घेतलात ती तारीख, लीजवर सह्या झाल्या ती तारीख, आणि मुदत सुरू झाली ती तारीख, या तिन्ही वेगळ्या असू शकतात. मुदत बऱ्याचदा २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर किंवा २५ डिसेंबर अशा तारखेपासून मोजलेली असते.

उदाहरण घ्या. लीज म्हणते २४ जून १९८२ पासून १२५ वर्षं. म्हणजे जून २१०७ ला संपणार. म्हणजे ८० वर्षांची रेघ जून २०२७ ला येते. ही तारीख फ्रिजवर लावा.

मग ग्राउंड रेंटचं कलम पूर्ण वाचा, नुसता आजचा आकडा नको. "पहिली २५ वर्षं १५० पौंड, नंतर दर २५ वर्षांनी दुप्पट" असलं काही असेल तर हिशोब बदलतो, आणि दर १० वर्षांनी दुप्पट असेल तर फारच बदलतो.

तपासा: लीजमध्ये नंतर काही बदल झालाय का? रजिस्टरवर "डीड ऑफ व्हेरिएशन" अशी नोंद दिसली तर तीही प्रत मागवा. आणि फ्रीहोल्ड तुम्हीच सगळ्या फ्लॅटवाल्यांनी मिळून घेतलेलं असेल (शेअर ऑफ फ्रीहोल्ड), तर थांबा, हा बाकीचा लेख तुमच्यासाठी नाहीच. शेजाऱ्यांची एक मीटिंग घ्या आणि सगळ्यांच्या लीज एकदमच ९९९ वर्षांच्या करून टाका, त्याला जवळपास फक्त वकिलाचे पैसे पडतात.

## टप्पा २: आत्ता करायचं की थांबायचं

नव्या कायद्यामुळे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही, पण माझं मत सांगतो.

८० च्या वर, पण ८३-८४ च्या आत आहात: थांबू नका. आत्ता मॅरेज व्हॅल्यू लागत नाही, उद्या लागेल. नवा कायदा वेळेत लागू होईल या आशेवर ही रेघ ओलांडणं म्हणजे जुगार आहे.

९० च्या वर आहात, ग्राउंड रेंट साधं आहे, विकायचं नाही: निवांत राहा, थांबलात तर फार काही बिघडत नाही.

८० च्या खाली आधीच गेलाय: हा खरा अवघड गट. विकायचं किंवा रीमॉर्गेज करायचं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, कारण बऱ्याच बँका लीज छोटी झाली की कर्जच देत नाहीत. पण तिथेच राहायचंय, मॉर्गेज डील अजून तीन-चार वर्षं आहे, तर मॅरेज व्हॅल्यू जाईपर्यंत वाट बघणं हा शहाण्या माणसाचा निर्णय असू शकतो, फक्त सर्व्हेअरकडून (मालमत्तेची किंमत काढणारा तज्ज्ञ) दर वर्षी किंमत किती वाढतेय ते लिहून घ्या आणि मग ठरवा. दर १० वर्षांनी दुप्पट होणारं ग्राउंड रेंट असेल तर मी तरी वाट बघायला सांगणार नाही.

## टप्पा ३: साधी ऑफर की कायद्याची नोटीस

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे फ्रीहोल्डरशी आपसात बोलून, दुसरा १९९३ च्या कायद्यातल्या सेक्शन ४२ ची, म्हणजे लीज वाढवायचा हक्क बजावणारी, नोटीस देऊन.

आपसातला रस्ता स्वस्त आणि पटकन वाटतो आणि कधीकधी असतोही. पण त्यात फ्रीहोल्डरवर कसलंच बंधन नाही, तो कधीही मागे फिरू शकतो, किंमत बदलू शकतो, आणि तुमची वर्षं मात्र रोज कमी होत राहतात. शिवाय ऑफर नीट वाचली की कळतं की ९० वर्षं वाढवून देत नाहीयेत, फक्त परत ९९ किंवा १२५ पर्यंत भरून देतायत. २०२२ पासून वाढीव वर्षांवर ग्राउंड रेंट लावता येत नाही हे खरं, पण आपसातल्या करारात जुन्या मुदतीची जेवढी वर्षं उरलीयत तेवढ्यांसाठी ते चालू ठेवता येतं. म्हणजे पैसे भरून पुन्हा ७०-८० वर्षं ग्राउंड रेंट भरत बसा. वरून "लीज आधुनिक करतो" म्हणून नवीन कलमं घुसवतात, सबलेट करायला फी, कुत्रा पाळायला फी.

सावधान: "ही ऑफर २८ दिवसच" असं लिहिलेलं पत्र आलं की घाबरून सही करू नका. कायद्याने मिळणारा हक्क त्या २८ दिवसांनी संपत नाही.

माझा नियम साधा आहे. आधी नोटीस द्या, घड्याळ थांबवा, मग हवं तर आपसात बोला. नोटीस दिल्या दिवशीची उरलेली वर्षं किंमतीसाठी पक्की होतात, नंतर वाटाघाटी वर्षभर चालल्या तरी फरक पडत नाही. नोटीस देऊनही आपसात मिटवता येतं, उलट तेव्हा समोरचा जरा नीट बोलतो.

## टप्पा ४: माणसं आणि पैसे आधी तयार ठेवा

दोन माणसं लागतात: सर्व्हेअर आणि सॉलिसिटर (वकील).

सर्व्हेअर आरआयसीएसचा (सर्व्हेअर लोकांची व्यावसायिक संस्था) सभासद आणि त्या भागातल्या लीज एक्स्टेन्शनच्या किमती काढणारा हवा. बँकेसाठी घराची किंमत काढणारा नको. सॉलिसिटर पण असंच, ज्याने फ्लॅट घेताना कन्व्हेयन्सिंग (खरेदीचं कायदेशीर काम) केलं तो चांगला माणूस असेल, दिवाळीला मिठाई देण्याइतके संबंध असतील, पण हे काम वेगळं आहे आणि यात तारीख चुकली की सगळं रद्द. एएलईपी ही या कामातल्या लोकांची संघटना आहे, तिच्या यादीतून दोन-तीन जणांना फोन करा आणि थेट विचारा, महिन्याला किती सेक्शन ४२ नोटिसा देता? उत्तर देताना अडखळला तर पुढचा नंबर लावा.

पैशाचं असं आहे:

- प्रीमियम, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायची किंमत
- तुमचा सर्व्हेअर आणि सॉलिसिटर
- *फ्रीहोल्डरचा* सर्व्हेअर आणि सॉलिसिटर, "वाजवी" खर्च (हो, आपणच भरायचा)
- लँड रजिस्ट्रीची फी
- प्रीमियम ४० हजार पौंड किंवा जास्त असेल तर स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न भरावं लागतं. त्यात फ्लॅट भाड्याने दिलाय आणि तुमचं दुसरंही घर आहे असं असेल तर जादा दर लागू शकतो, हे सॉलिसिटरला आधीच विचारा. वेल्समध्ये या कराचं नाव आणि नियम वेगळे

फ्रीहोल्डरचा खर्च नोटीस दिल्या क्षणापासून तुमच्या डोक्यावर चढायला लागतो. मध्येच सोडून दिलंत तरी तोपर्यंतचा द्यावा लागतो. म्हणून पैशाची सोय आधी, नोटीस नंतर. घासाघीस करण्यासाठी आणि ट्रायब्युनलमध्ये (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) भांडण्यासाठी त्याने केलेला खर्च मात्र तुमच्यावर येत नाही, बिलात तो मिसळलेला असेल तर तोडून मागा.

## टप्पा ५: आकडा काढा

पक्का आकडा सर्व्हेअरच काढेल, पण तो कसा बनतो हे माहीत असेल तर कोणी फसवत नाही. तीन तुकडे असतात.

पहिला, फ्रीहोल्डरचं बुडणारं ग्राउंड रेंट, सगळ्या उरलेल्या वर्षांचं मिळून आजच्या पैशात. दुसरा, लीज संपल्यावर फ्लॅट त्याच्याकडे परत गेला असता, तो आता अजून ९० वर्षं जाणार नाही, त्याची आजची किंमत. पुढच्या काळातली रक्कम आजच्या पैशात आणायला फ्लॅटना साधारण वर्षाला ५ टक्के दर धरतात. तिसरा, मॅरेज व्हॅल्यू: लीज वाढवल्यावर दोघांच्या मालमत्तेची मिळून जी किंमत वाढते तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरला. हा तिसरा तुकडा लीज ८० वर्षांपेक्षा जास्त असेल तर लागत नाही.

आता हे बघा. समजा लांब लीजवर फ्लॅटची किंमत ३ लाख पौंड, ग्राउंड रेंट वर्षाला २५० आणि ते कधीच वाढत नाही, त्यासाठी दर ६ टक्के धरला.

८२ वर्षं उरलीत तेव्हा: ग्राउंड रेंटचे सुमारे ४,१३० आणि फ्लॅट परत मिळण्याचे सुमारे ५,४२०. एकूण साडेनऊ हजारांच्या आसपास.

७९ वर्षं उरलीत तेव्हा: पहिले दोन तुकडे मिळून सुमारे १०,४००. आता मॅरेज व्हॅल्यू. ७९ वर्षांच्या लीजवर तोच फ्लॅट २ लाख ७६ हजारांचा धरला तर अर्धा वाटा होतो सुमारे ६,८००. एकूण १७,२०० च्या आसपास.

तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट, आणि त्यातलं बहुतेक सगळं त्या एका रेघेमुळे. तो २ लाख ७६ हजारांचा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, खऱ्या भांडणात दोन सर्व्हेअर याच आकड्यावर डोकं फोडतात.

तपासा: तुम्ही स्वतःच्या खर्चाने केलेली सुधारणा, नवीन किचन, बाथरूम, यामुळे वाढलेली किंमत या हिशोबात धरायची नसते. पावत्या शोधून सर्व्हेअरला द्या.

सर्व्हेअरकडून तीन आकडे मागा: नोटिसीत लिहायचा, जिथे मिटेल असं वाटतं तो, आणि यापुढे जायचंच नाही तो. नोटिसीतला आकडा कमी असू शकतो पण खोटाखोटा नको. "घालून बघू, १ पौंड लिहू" असं केलं तर नोटीसच बाद ठरू शकते, कोर्टाने असं केलेलं आहे.

## टप्पा ६: नोटीस नेमकी कोणाला

ग्राउंड रेंटचं बिल ज्याच्या नावाने येतं तोच योग्य लँडलॉर्ड असेल असं नाही. बऱ्याच ब्लॉक्समध्ये फ्रीहोल्डर आणि तुमच्यामध्ये अजून एक हेड लीजवाला (ज्याने इमारत फ्रीहोल्डरकडून लीजवर घेतलीय आणि ज्याच्या खाली तुमची लीज येते) बसलेला असतो. नियम असा, की ज्याच्याकडे तुम्हाला ९० वर्षं वाढवून देण्याइतकी मुदत आहे त्याला नोटीस जाते, आणि बाकीच्यांना तिच्या प्रती जातात. लीजमध्ये मॅनेजमेंट कंपनी पक्षकार असेल तर तिलाही प्रत.

म्हणूनच फ्रीहोल्डचं रजिस्टर मागवायला सांगितलं होतं. शंका असेल तर सॉलिसिटर आधी सेक्शन ४१ ची माहिती मागणारी नोटीस पाठवतो, तिला २८ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ८० ची रेघ महिन्यावर आली असेल तर या २८ दिवसांचाही हिशोब करा.

फ्रीहोल्डर सापडतच नसेल, कंपनी बंद पडली, पत्रं परत येतात, तर काउंटी कोर्टातून लीज वाढवून घेता येते. वेळ जास्त लागतो पण रस्ता आहे.

## टप्पा ७: सेक्शन ४२ ची नोटीस

हा या सगळ्या कामातला कणा. नोटिसीत फ्लॅटचं वर्णन, लीजचा तपशील, तुमचा प्रीमियम, नव्या लीजच्या अटी, आणि उत्तराची शेवटची तारीख असते. ती तारीख नोटीस मिळाल्यापासून *कमीत कमी दोन महिने* पुढची हवी. दोन महिन्यांना एक दिवस कमी पडला तरी नोटीस बाद. सॉलिसिटर चार-पाच दिवस जास्तच धरतो, पोस्टाचे दिवस असतात ना.

पाठवण्याआधी तुम्ही स्वतः बघायच्या गोष्टी, कारण वकिलाच्या ऑफिसमध्ये जुन्या फाइलवरून कॉपी-पेस्ट होतं:

- रजिस्टरवर जेवढी नावं तेवढी नोटिसीत आहेत का. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर आणि नोटीस एकट्या नवऱ्याच्या नावाने, ही चूक आपल्यात सर्रास होते
- फ्लॅट नंबर, टायटल नंबर, लीजची तारीख, पार्किंगची जागा किंवा लॉफ्ट लीजमध्ये असेल तर तेही
- लँडलॉर्डचा पत्ता रजिस्टरवरचा आणि ग्राउंड रेंटच्या मागणीवरचा, दोन्ही. वेगळे असतील तर दोन्हीकडे पाठवा
- पोचल्याचा पुरावा राहील अशा पद्धतीने पाठवली का

सावधान: नोटीस दिली की लगेच सॉलिसिटरला सांगून फ्रीहोल्डच्या टायटलवर तिची नोंद करून घ्या. नाहीतर फ्रीहोल्डरने मध्येच फ्रीहोल्ड दुसऱ्याला विकलं तर नवा मालक म्हणेल मला काय माहीत नाही. छोटी फी आहे, पण सांगितल्याशिवाय कधीकधी राहून जातं.

## टप्पा ८: पुढचे दोन महिने

आता समोरून तीन मागण्या येऊ शकतात, आणि लोक इथे "बघू नंतर" करतात.

मालकीचा पुरावा मागितला तर २१ दिवसांत द्यायचा. डिपॉझिट मागितलं तर १४ दिवसांत भरायचं, तुमच्या नोटिसीतल्या प्रीमियमच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. आणि सर्व्हेअरला फ्लॅट दाखवायचा, त्यासाठी ते किमान तीन दिवस आधी कळवतात. भाडेकरू असेल तर त्याला आजच मेसेज करून ठेवा.

ही भेट नुसती औपचारिक समजू नका. तो माणूस लेझरच्या डब्बीने खोल्या मोजतो, आणि मूळ नकाशात किचन आणि हॉलमध्ये भिंत आहे आणि समोर मोकळी जागा दिसतेय, तर तिथे त्याचा पाय थबकतो. परवानगी न घेता भिंत पाडलेली असेल, फरशा काढून लाकडी फ्लोअर टाकलं असेल तर ते आधीच तुमच्या सॉलिसिटरला सांगा, त्याला समोरून कळता कामा नये. सर्व्हेअरला चहा द्या, पण "आम्हाला घाई आहे, मार्चमध्ये विकतोय" असल्या गप्पा मारू नका.

याच काळात सर्व्हिस चार्जची थकबाकी साफ करा. नवी लीज देताना जुन्या लीजचे पैसे बाकी असतील तर ते मागून घेतात, आणि ते बरोबरच आहे.

## टप्पा ९: काउंटर नोटीस, आणि मग खरी घासाघीस

ठरलेल्या तारखेपर्यंत फ्रीहोल्डरचं उत्तर (तीच काउंटर नोटीस) आलं तर त्यात तुमचा हक्क मान्य करून मोठा आकडा लिहिलेला असेल. दचकू नका, तुम्ही खालून सुरुवात केलीत, तो वरून करतोय.

उत्तर आलंच नाही तर ते तुमच्या फायद्याचं आहे, पण आपोआप नाही. त्या तारखेपासून *सहा महिन्यांच्या आत* काउंटी कोर्टात अर्ज करावा लागतो, मग तुम्ही नोटिसीत लिहिलेल्या अटींवरच लीज मिळू शकते. सहा महिने गेले की गेलं.

उत्तर आलं असेल तर दुसरं घड्याळ सुरू होतं. काउंटर नोटिसीपासून पहिले दोन महिने फक्त बोलणी. त्यानंतर, पण सहा महिन्यांच्या आत, फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडे अर्ज (वेल्समध्ये लीजहोल्ड व्हॅल्युएशन ट्रायब्युनल). म्हणजे काउंटर नोटीस १० मे ला आली तर अर्ज १० जुलैनंतर आणि ९ नोव्हेंबरपर्यंत.

सावधान: सगळ्यात महाग चूक हीच. बोलणी छान चाललीत, फक्त दीड हजारांचा फरक राहिलाय, समोरचा म्हणतो "ख्रिसमसच्या आधी मिटवून टाकू", आणि तुम्ही अर्ज करत नाही. तारीख उलटली की नोटीस मागे घेतली असं धरतात, पुढचे १२ महिने नवी देता येत नाही, त्याचा खर्च भरायचा, आणि मधल्या काळात लीज ८० च्या खाली. बोलणी कितीही गोड चालू असोत, पाचव्या महिन्यात अर्ज टाकाच. अर्ज केला म्हणजे सुनावणीला उभं राहावंच लागतं असं नाही, बहुतेक प्रकरणं त्याआधीच मिटतात.

बोलणी दोन्ही सर्व्हेअरना करू द्या. तुम्ही मध्येच फ्रीहोल्डरला फोन करून "चला, फरक अर्धा-अर्धा करू" म्हणालात की तुमच्या सर्व्हेअरच्या हातातले पत्ते गेले. आणि आकड्याबरोबर नव्या लीजचा मसुदाही वाचा. कायद्याच्या रस्त्याने नवी लीज जुन्या अटींवरच असायला हवी, त्यात गुपचूप नवीन फी आली असेल तर काढायला लावा.

## टप्पा १०: सही आणि रजिस्ट्री

सगळं ठरलं की लोक सैल सोडतात, आणि इथेही एक घड्याळ आहेच. अटी ठरल्यापासून दोन महिन्यांत नवी लीज व्हायला हवी, नाही झाली तर त्यापुढच्या दोन महिन्यांत कोर्टात अर्ज. तेही चुकलं तर पुन्हा सगळं रद्द. वर्षभराचं काम शेवटच्या महिन्यात वाया गेलेलं बघवत नाही.

मॉर्गेज असेल तर बँकेला कळवा. कायद्याच्या रस्त्याने मॉर्गेज आपोआप नव्या लीजवर येतं. आपसातल्या रस्त्याने मात्र बँकेची लेखी संमती आणि वेगळा कागद लागतो, आणि बँका त्याला आठवडेच्या आठवडे लावतात.

सही करण्याआधी नव्या लीजमध्ये बोट ठेवून बघा: संपण्याची तारीख जुनी अधिक ९० आहे का (आपल्या उदाहरणात २१०७ चे २१९७), ग्राउंड रेंट पेपरकॉर्न आहे का, नावं बरोबर आहेत का, नकाशा तुमच्याच फ्लॅटचा आहे का. हसू नका, शेजारचा जोडलेला असतो कधीकधी.

मग सॉलिसिटर लँड रजिस्ट्रीत नोंद करतो. नवीन टायटल नंबर मिळतो, जुनं टायटल बंद होतं. नोंद व्हायला महिने लागू शकतात, तोपर्यंत अर्जाची पोच जपून ठेवा. झाल्यावर प्रत मागवून परत एकदा तारीख बघा. मॅनेजिंग एजंटला नव्या लीजची प्रत पाठवा, नाहीतर त्यांचा कॉम्प्युटर पुढच्या वर्षीही ग्राउंड रेंटचं बिल काढत राहील.

## फ्लॅट विकायचाच असेल तर

लीज छोटी असेल तर सगळं काम संपेपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्ष, थांबायची गरज नाही. तुम्ही नोटीस द्या आणि तिचा हक्क फ्लॅटबरोबर खरेदीदाराला लिहून द्या. तो कागद विक्री पूर्ण होतानाच, लीजच्या हस्तांतरणाबरोबरच व्हायला हवा, आठवड्याने करू म्हटलं तर नोटीस मेली.

काही एजंट आता सांगतात की दोन वर्षांची अट गेली, खरेदीदार स्वतःच नोटीस देईल. देईल, पण त्याचं नाव रजिस्टरवर चढल्यावर, आणि त्यालाच महिने लागतात. ८० ची रेघ जवळ असेल तर जुनीच पद्धत बरी.

## भारतात परतला असाल तर

पुण्यात परत गेलात आणि फ्लॅट भाड्याने दिलाय, अशी मंडळी बरीच आहेत. तुमचं काम सगळं दुरून होतं, फक्त तीन गोष्टी लवकर हातात घ्या.

एक, पैसे. भारतातून पाठवणार असाल तर एलआरएसची (भारतातून परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, त्यामुळे रक्कम अडत नाही, अडतं ते सॉलिसिटरच्या "हे पैसे कुठून आले" या चौकशीत. एफडी मोडली असेल तर तिचे कागद, वडिलांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि बँक स्टेटमेंट, हे नोटीस देण्याआधीच देऊन ठेवा.

दोन, सही. नवी लीज डीड असते, तिच्यावर तुमच्या सहीला समोर हजर असलेला साक्षीदार लागतो, आणि दोघं मालक असाल तर एकमेकांचे साक्षीदार होता येत नाही. मेहुणा चालेल की नोटरीच हवा हे सॉलिसिटरला लेखी विचारा, आणि मूळ कागद कुरिअरने जायचे दिवस धरून चाला. नवरा पुण्यात आणि बायको अजून रेडिंगमध्ये असं असेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी इंग्लंडच्या पद्धतीने करून घ्या, पुण्यात स्टॅम्प पेपरवर केलेली तिकडे चालेल असं गृहीत धरू नका.

तीन, नाव. फ्लॅट घेताना रजिस्टरवर माहेरचं नाव आणि आता पासपोर्टवर सासरचं, किंवा एकीकडे मधलं नाव आहे आणि दुसरीकडे नाही. नोटीस रजिस्टरवरच्या नावाने जाते, ओळखपत्र पासपोर्टचं लागतं, आणि हा फरक सही करायच्या आठवड्यात लक्षात आला की लग्नाच्या सर्टिफिकेटसाठी धावाधाव होते. पहिल्या दिवशी रजिस्टर मागवलंत ना, तेव्हाच दोन्ही नावं शेजारी ठेवून बघा.